झाकणावरील चेहरा

जे मोठे म्हणून पाहावयास जावे ते धड पाहावयास मिळू नये, आणि ज्याचे नावही कधी कानावर आलेले नाही अशा एखाद्या लहानशा वस्तूपाशी पाय खिळून राहावे, असा अनुभव प्रवासात पुष्कळांस येतो. आम्हांस तो हेग शहरी आला.

आमची पुतणी नोकरीच्या निमित्ताने हॉलंडात असते. तिच्या आग्रहावरून आम्ही उभयता तिकडे गेलो असता एके दिवशी तिने आम्हांस माउरित्सहाउस ह्या चित्रसंग्रहालयात नेले. इमारत बेताचीच, तळ्याच्या काठी बांधलेल्या एखाद्या सरदाराच्या वाड्यासारखी. परंतु व्हर्मीर ह्या चित्रकाराची मोत्याचे डूल घातलेली ती सुप्रसिद्ध मुलगी येथेच असते, आणि तिच्या दर्शनासाठी देशोदेशींची माणसे लोटतात. आम्हीही त्याच हेतूने गेलो होतो. पण तिच्यापुढे दाटी अशी, की आषाढीच्या दिवशी नामदेवाच्या पायरीपाशी उभे असल्याचा भास व्हावा. अखेर दोन खांद्यांच्या फटीतून मुखदर्शन घेतले, आणि गर्दीतून अंग सोडवून घेत दुसऱ्या दालनात आलो. तेथे एका हातभर रुंदीच्या चित्रापुढे कोणीच नव्हते. दम घ्यावा म्हणून आम्ही तेथे थांबलो.

चित्र लाकडी फळीवर तैलरंगांनी काढलेले होते. उंची सुमारे ३४ सेंटिमीटर आणि रुंदी ५० च्या आतबाहेर. त्यात देव नाही, राजा नाही, डोंगर नाही की समुद्र नाही. एक टेबल आहे. त्यावर चीजचे मोठाले तुकडे एकावर एक रचले आहेत. त्यांच्या माथ्यावर एका बशीत लोण्याच्या पातळ वळ्या आहेत. पुढे निळ्या-पांढऱ्या चिनी बशीत बदाम आणि सुका मेवा, बाजूस पाव आणि गाठ मारल्यासारखी वळलेली बिस्किटे, मागे एक नाजूक पेला, एक तपकिरी मातीची सुरई, आणि टेबलाच्या अगदी काठाशी ठेवलेली एक सुरी. एवढेच. पाठीमागे काळोख.

खरे सांगावयाचे तर आमची थोडी निराशाच झाली. हे तर फराळाचे सामान, ह्यात चित्र ते काय, असा विचार मनात येतो न येतो तोच आमच्या सौभाग्यवती पुढे वाकून म्हणाल्या, "अहो, लोणी बघा. आत्ताच काढून ठेवल्यासारखं आहे. अजून थोडा वेळ गेला तर बसेल."

तेव्हा आम्ही लोणी पाहिले. मग चीजच्या अंगावरील सुरीचे ओरखडे पाहिले, कडेला सुकत चाललेला भाग पाहिला, आणि आतला ओलावाही पाहिला. ही वस्तू कोणी पाहून काढलेली नसून हाताळून काढलेली आहे, अशी हळूहळू खात्री पटू लागली. इतक्यात पुतणी म्हणाली, "काका, सुरईच्या झाकणाकडे बघा."

सुरईचे झाकण कथलाचे होते. त्याच्या उजळ गोलाईवर खिडकीचा प्रकाश पडला होता. आणि त्या प्रकाशात, हरभऱ्याएवढ्या जागेत, एक चेहरा होता. डोक्याला टोपी घातलेली एक बाई. चित्रात एकही माणूस नाही असे आम्ही समजत होतो. ती मात्र सारा वेळ तेथे उभी होती, आणि आमच्याकडेच पाहत होती.

"ही कोण?" आम्ही विचारले.

"हिनेच काढलंय हे चित्र," पुतणी म्हणाली. "नाव सुरीवर आहे."

आम्ही सुरी पाहिली. चांदीच्या कोरीव मुठीच्या कडेवर, सोनाराने खोदावीत तशी, अक्षरे होती: क्लारा पेटर्स.

ही क्लारा पेटर्स कोण, ह्याचा शोध आम्ही त्यानंतर जमेल तसा घेत राहिलो. ती फ्लेमिश, म्हणजे आज ज्यास बेल्जियम म्हणतात त्या देशाच्या उत्तरेकडील फ्लँडर्स प्रांताच्या परंपरेतली. तिचे नाव अँटवर्प ह्या बंदराशी निगडित आहे. तिने वापरलेल्या काही फळ्यांच्या पाठीवर अँटवर्पच्या कारागिरांची खूण उमटवलेली आढळते. तिच्या चित्रांवरील साले १६०७ पासून १६२१ पर्यंतची आहेत. तिची म्हणून मानली जाणारी चित्रे आज सुमारे चाळीस भरतात. हेगमधील चित्र १६१५ च्या सुमाराचे असून संग्रहालयाने ते २०१२ साली मिळविले. तिच्या जन्माविषयी, विवाहाविषयी आणि मृत्यूविषयी विद्वानांत मतभेद आहेत. अँटवर्प येथे चित्रकारांचा संत लूकच्या नावाने चालणारा एक जुना संघ होता. त्याच्या उपलब्ध याद्यांत तिचे नाव सापडत नाही. पण त्या याद्याच अपुऱ्या आहेत.

त्याच शहरात, त्याच वर्षांत, पेटर पॉल रूबेन्स राहत होता. तो १६०८ साली इटलीहून परत आला, आणि थोड्याच वर्षांत त्याचे नाव युरोपभर झाले. त्याचे घर आजही उभे आहे. त्याची पत्रे छापली आहेत. त्याच्या दोन्ही बायकांची नावे, मुलांची नावे, शिष्यांची नावे लोकांस ठाऊक आहेत. अँटवर्पच्या मोठ्या देवळात त्याची भिंतभर चित्रे आहेत. क्लाराची सारी चित्रे एकत्र मांडली तरी रूबेन्सच्या त्यांपैकी एका चित्रास ती झाकू शकतील की नाही, ह्याची शंका आहे.

त्या काळचे अँटवर्प हे दुखणाईत शहर होते. सोळाव्या शतकाच्या मध्यास ते उत्तर युरोपातील व्यापाराची पेठ म्हणून गाजले. पण १५७६ साली पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने ते लुटले आणि जाळले. १५८५ साली दीर्घ वेढ्यानंतर ते स्पेनच्या राजाच्या हाती पडले. प्रॉटेस्टंट कुटुंबे बिऱ्हाडे हलवून उत्तरेस हॉलंडात गेली, आणि शहराची वस्ती निम्म्याने घटली. स्खेल्ड नदीचे मुख डच लोकांनी अडवून धरल्यामुळे बंदराचे बंदरपण गेले. पुढे १६०९ साली उभय पक्षांत बारा वर्षांचा तह झाला, तेव्हा कोठे लोकांनी श्वास घेतला. दुकाने उघडली, देवळांची डागडुजी झाली, आणि हाती पैसा असलेली माणसे घरांत चित्रे लावू लागली. हा तह १६२१ साली संपला, आणि पुन्हा रणशिंगे वाजली.

आता क्लारेच्या चित्रांवरील साले पुन्हा पाहावीत: १६०७ ते १६२१. तिचे जवळजवळ सारे काम त्या तहाच्या मुदतीत बसते. दोन लढायांच्या मधल्या अवकाशात मांडलेले हे टेबल आहे. लोण्याची बशी चीजवर स्थिर राहू शकते, पेला काठाशी निर्धास्त उभा राहू शकतो, ह्या गोष्टीचे अप्रूप ज्यांनी घरेदारे जळताना पाहिली त्यांस किती वाटत असेल, ह्याची कल्पना आम्हां निवांतपणे जेवणाऱ्यांस चटकन यावयाची नाही.

अशा चित्रांस आपल्याकडील चित्रशाळांत वस्तुचित्र म्हणतात. युरोपात पुढे चित्रांच्याही जाती लागल्या. सन १६६७ च्या सुमारास फेलिबियाँ नावाच्या फ्रेंच पंडिताने चित्रविषयांची उतरंड रचली. तीत इतिहास-पुराणांतील प्रसंग वरच्या पायरीवर, आणि फळे, फुले व शिंपले अगदी तळाशी. हे कानावर आले की आपल्या समाजातील उतरंडींची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पण क्लारेने जी पायरी निवडली तीमागे तिच्या काळाची अडचणही होती. इतिहासातील प्रसंग काढावयाचे तर मानवी देहाचे ज्ञान हवे. ते उघडे नमुने समोर बसवून शिकावे लागे, आणि ती सोय स्त्रियांस नव्हती. जे समोर ठेवता येईल आणि जेथे कोणी हरकत घेणार नाही, असे काय उरले? फुले, फळे, भांडी आणि जेवणाचे टेबल. दार बंद होते म्हणून ती स्वयंपाकघराच्या दाराने आत आली, असे म्हटले तर वावगे होणार नाही.

पण आत आल्यावर तिने जे केले ते मात्र कोणी नाइलाजाने केलेले काम नव्हे. संग्रहालये आता आपली चित्रे संगणकाच्या पडद्यावर पाहिजे तेवढी मोठी करून दाखवितात. त्यामुळे हेगहून परतल्यावर पुतणीच्या घरी बसून आम्हांस स्पेनमधील माद्रिद शहराच्या प्रादो संग्रहालयातील तिची चित्रे पाहता आली. तेथे तिची चार चित्रे आहेत, आणि ती स्पेनच्या राजघराण्याच्या संग्रहातून आलेली आहेत. त्यांतल्या एकात फुले, सुका मेवा, मिठाई, सोन्याचा मुलामा दिलेला पेला आणि कथलाची सुरई आहे. दुसऱ्यात मासे, खेकडा, कोलंबी, आर्टिचोक नावाची कळीसारखी भाजी आणि एक मेणबत्ती. माशांस मुख्य विषयाचा मान देणाऱ्या युरोपातील अगदी आरंभीच्या चित्रांत ह्याची गणना होते, आणि त्यावर साल १६११ आहे. तिसऱ्यात मारलेले पक्षी, आणि त्यांच्याजवळ जिवंत ससाणा. आमच्या सोवळ्यातील वाचकांनी येथे नाक मुरडू नये. आमचे कोकणपट्टीतील सारस्वत बंधू माशांच्या चित्रापुढे आमच्यापेक्षा अधिक वेळ उभे राहतील, आणि कोलंबी ताजी आहे की नाही हेही सांगतील, ह्यात आम्हांस शंका नाही. आमच्या दृष्टीने पाहण्यासारखे होते ते माशाच्या खवल्यांवरील ओले तेज. तोच प्रकाश खवल्यांवर एका रीतीने पडतो, कथलावर दुसऱ्या, काचेवर तिसऱ्या, आणि पावाच्या खरपूस पाठीवर चौथ्या. काळोखाच्या पार्श्वभूमीवर तिने ह्या वस्तू डोळ्यांच्या पातळीस आणून मांडल्या आहेत, आणि प्रत्येकीस आपली आपली जागा दिली आहे. टेबलाजवळ पाहुणा म्हणून उभे राहिले असता वस्तू जशा वरून दिसतात, तशा त्या येथे दिसत नाहीत. मांडणारी व्यक्ती वाकून, काठाशी डोळा नेऊन, सारे ठीक लागले की नाही ते पाहते, तेव्हा दिसतात तशा त्या दिसतात.

हेगच्या चित्रातील ती निळी-पांढरी बशीही विसरण्यासारखी नाही. ती वान्ली बादशहाच्या राजवटीतील चिनी मातीच्या भांड्यांपैकी आहे. अँटवर्पच्या टेबलावर ती कशी आली ह्याचा माग काढताना वाट आपल्या दारावरून जाते. पोर्तुगीज लोक ही भांडी मकाव येथे खरेदी करीत. ती गोव्यास येत, आणि मिरी, दालचिनी व कापड ह्यांच्याबरोबर लिस्बनला रवाना होत. त्या काळी, म्हणजे १५८० पासून १६४० पर्यंत, पोर्तुगालचे राज्य स्पेनच्याच राजाच्या मस्तकी होते, आणि अँटवर्पवरही अंमल स्पेनच्या राजघराण्याचाच. यान लिन्सखोटेन नावाचा एक डच तरुण १५८३ साली गोव्यास येऊन तेथील आर्चबिशपाच्या पदरी चिटणीस म्हणून राहिला होता. परत जाऊन १५९६ साली त्याने ग्रंथ छापला आणि पोर्तुगीजांनी झाकून ठेवलेल्या सागरी वाटा आपल्या देशबांधवांस उघड करून दिल्या. पुढे १६०३ साली डचांनी सांता कातारिना नावाचे पोर्तुगीज जहाज पकडले आणि त्यावरील चिनी भांड्यांचा ॲम्स्टरडॅम येथे लिलाव केला. बदामाची ती बशी लिस्बनच्या वाटेने आली असो की लुटीच्या वाटेने, तिच्यासारखी हजारो भांडी मांडवीच्या पाण्यावर तरंगून पुढे गेली, एवढे खरे. एका शांत टेबलाखाली किती समुद्र खवळलेला असतो!

पण आमचे मन पुन्हा पुन्हा जात होते ते झाकणावरील चेहऱ्याकडे. चौकशी करता कळले की तिने हे एकदाच केलेले नाही. तिच्या निदान आठ चित्रांत अशी प्रतिबिंबे सापडली आहेत. प्रादोतील फुलांच्या चित्रात ती सोनेरी पेल्याच्या फुगवट्यांवर आणि कथलाच्या सुरईवर पुन्हा पुन्हा दिसते. जर्मनीतील कार्ल्सरूह येथे तिचे १६१२ सालचे एक चित्र आहे. त्यातील सोनेरी पेल्याच्या प्रत्येक फुगीर टिकलीत, आरशाच्या तुकड्यांत दिसावी तशी, ती उभी आहे, आणि तिच्या हातांत रंगांची पाटी व कुंचले आहेत. चकचकीत वस्तूत प्रतिबिंब काढण्याची हौस फ्लेमिश चित्रकारांत जुनी. यान फान आइकने १४३४ साली काढलेल्या, आता लंडन येथे असलेल्या जोडप्याच्या चित्रात पाठीमागील भिंतीवरच्या गोल आरशात अशीच माणसे दिसतात. तेव्हा ही युक्ती क्लारेने शोधून काढली असे नव्हे. पण फान आइकचा आरसा चित्राच्या मध्यभागी आहे, आणि त्याच्या वरच भिंतीवर त्याने ठसठशीत अक्षरांत सही केली आहे. क्लारा मात्र जेथे भांडे घासणाऱ्याचीच नजर जाईल, तेथे उभी राहिली.

ह्यास कोणी विनय म्हणतील. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु हातात कुंचले घेऊन, सहा-सहा वेळा, एकाच पेल्यावर स्वतःस काढणारी स्त्री विनयशील होती असे म्हणणे आता आम्हांस जड जाते. हे चित्र एखाद्या धनिकाच्या दिवाणखान्यात लागणार, पाहुणे पेल्याच्या सोन्याची किंमत करणार, चिनी बशीची वाखाणणी करणार, हे तिला ठाऊक होते. त्या साऱ्या संपत्तीच्या अंगाखांद्यावर तिने आपले तोंड उमटवून ठेवले. ज्याला पेला पाहिजे असेल, त्याला तिच्यासकट घ्यावा लागे.

आणि ती सुरी! तशा चांदीच्या मुठीच्या सुऱ्या त्या देशी वधूस आहेर म्हणून देण्याची चाल होती, आणि तिच्यावर वधूचे नाव खोदून घेत. त्या काळी पाहुणे जेवावयास जाताना आपापली सुरी बरोबर नेत, म्हणून नाव असणे सोयीचेही होते. क्लारेच्या नावाची अशी सुरी तिच्या अनेक चित्रांत येते. तिच्याजवळ खरोखर अशी सुरी होती, आणि ती लग्नात मिळाली होती, असे कोणी मानतात. ती केवळ कल्पनेची, सहीचा एक डौलदार प्रकार म्हणून काढली, असे दुसरे म्हणतात.

हे सर्व पुतणी सांगत असता आमच्या सौभाग्यवती एकही शब्द बोलल्या नाहीत. संग्रहालयाच्या पायऱ्या उतरताना मात्र त्या हळूच म्हणाल्या, "परात आठवली का तुम्हांला?"

आठवली होती. सुरीवरील अक्षरे वाचली तेव्हाच आठवली होती; पण ती गोष्ट आम्ही होऊन काढावी, असा आमचा धीर नव्हता.

आमचे कुटुंब एके काळी पंचवीस पानांचे होते. त्या साऱ्या पानांचा भार आमच्या थोरल्या काकूंवर. पान मांडण्यात त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भाताची मूद, तिच्यावर पिवळे वरण, त्यावर तुपाची धार. प्रत्येक पदार्थ आपल्या जागी, एकाचा ओघळ दुसऱ्यास शिवावयाचा नाही. आणि सणाचा दिवस असला की भोवती रांगोळीची महिरप. मुलांपैकी कोणी घाईने मीठ उजवीकडे वाढले, तर काकू काही न बोलता ते पुसून पुन्हा डावीकडे वाढीत. चाळीस वर्षे, दिवसातून दोन वेळा, त्यांनी असे चित्र मांडले. आणि आम्ही पाटावर बसून, आचमन करून, ते अर्ध्या घटकेत पुसून टाकीत आलो. हाक मारावयाची तर 'काकू'. घरात आलेल्या पत्रावर सासरचे नाव. तिसरे काही नाव त्यांस असू शकेल, ही गोष्ट आमच्या मनास कधी शिवलीच नाही.

त्या गेल्या, आणि तेराव्याच्या स्वयंपाकासाठी माळ्यावरची मोठी भांडी खाली काढली. त्यांत एक पितळेची परात होती. ती भिंतीशी उपडी टेकवून ठेवली असता काठाखाली टिंबाटिंबांनी ठोकून घातलेले एक नाव दिसले. बाईचे नाव, आणि आमच्या घरात कोणाचेच नसलेले. आम्ही त्या वेळी घरातील कर्ते म्हणून मिरवीत होतो. आम्ही लगेच हुकूम सोडला, की ही परात शेजारच्या कोणाची तरी आपल्याकडे राहून गेलेली दिसते. विचारपूस करून ज्यांची त्यांस पोचती करावी.

मागील दारी बसलेल्या बायका एकदम गप्प झाल्या. मग आमच्या सौभाग्यवती उठल्या, परात उचलून आत नेली, आणि परत येऊन आम्हांस एका बाजूस म्हणाल्या, "अहो, ती काकूंचीच आहे. त्यांचं माहेरचं नाव ते."

काकूंच्या वडिलांनी लग्नात दिलेली ती परात होती. लग्नमंडपात तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिले गेले, आणि जुने तेवढे त्या पितळेवर राहिले. घरातील सर्व बायकांस ते ठाऊक होते. सौभाग्यवतींस स्वतः काकूंनीच, पुरणपोळीची कणीक भिजविताना, हसत हसत सांगितले होते. घरातील एकाही पुरुषास ते ठाऊक नव्हते. आणि ज्यांचा हुकूम चालत होता त्या आम्ही ते वाचून, त्या बाईस त्यांच्याच घरातून शेजारी पोचते करावयास काढले होते.

हेगच्या त्या पायऱ्यांवर हे सारे पुन्हा मनापुढे उभे राहिले. क्लारेची कहाणी वाचताना, इतिहासाने तिला विसरावे हा केवढा अन्याय, असे म्हणणे फार सोपे आहे. इतिहास दूर आहे; त्याला नावे ठेवली तरी तो उलट बोलत नाही. पण काकूंच्या बाबतीत कागदपत्रे हरवली नव्हती, शहर जळाले नव्हते, संघाच्या याद्या गहाळ झाल्या नव्हत्या. नाव लिहिलेले होते, भांडे रोज हाती येत होते, सांगणारी माणसे शेजारच्या खोलीत बसली होती. विचारणाराच तेवढा नव्हता. आणि आणखी एक गोष्ट आम्हांस त्या दिवशी उमगली. ते नाव कोणाच्याच लक्षात नव्हते असे नाही. ते ज्यांनी जपावे त्यांनी जपले होते. त्यासाठी त्यांस आमच्या परवानगीची गरज भासली नव्हती. झाकणावरील चेहराही असाच. तो लपविलेला नाही. जो भांडे हातात घेतो त्याला तो दिसतो.

ह्या मधल्या काळात क्लारेस थोडा मान मिळाला आहे. सन २०१६ मध्ये तिच्या चित्रांचे प्रदर्शन प्रथम अँटवर्प येथे, आणि मग त्या साली ऑक्टोबरपासून माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात भरले. प्रादोची स्थापना १८१९ ची. जवळजवळ दोनशे वर्षांत एका स्त्री-चित्रकाराच्या कामासाठी म्हणून तेथे स्वतंत्र प्रदर्शन झाले, ते हे पहिले. पंधरा चित्रे होती. पंधराच; पण प्रत्येक चित्रापुढे लोक वाकून, झाकणे आणि पेले न्याहाळीत उभे राहिले असतील, अशी कल्पना करून आम्हांस समाधान वाटते.

घरी परतल्यावर आम्ही ती परात पुन्हा काढावयास लावली. चिंच लावून घासता घासता टिंबे झिजत आली आहेत. शेवटचे अक्षर तर बोट फिरविले तरच कळते. आता त्या बाजूस फार घासू नये, अशी सौभाग्यवतींची कामवाल्या बाईंस ताकीद आहे. त्या रात्री आम्ही त्यांस काकूंविषयी विचारले: माहेर कोठले, भावंडे किती, तिकडे त्यांस काय म्हणत, रांगोळी कोणी शिकविली. पहिल्या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी त्यांनी आमच्याकडे जरा वेळ पाहिले. मग सांगू लागल्या, आणि दिवा मालवण्यास बराच उशीर झाला.

ते नाव आम्ही येथे छापीत नाही. ते छापण्याचा अधिकार आम्ही मिळविलेला नाही. परातीवर आहे तेथे ते शोभते. आमच्या वाचकांस मात्र एक विनंती करावीशी वाटते. दिवाळीची साफसफाई आता जवळ येईल, आणि माळ्यावरची भांडी खाली उतरतील. त्यांतले एखादे उपडे करून काठाखाली काय लिहिले आहे ते वाचावे. आणि वाचता आले नाही तर, घरात सांगणारे कोणी आहे तोवर, विचारून घ्यावे.